रिकामा रकाना

२० सप्टेंबर २०२२ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं एक निकाल दिला. एका बाजूला हरवलेल्या मुलीचे आईवडील, दुसऱ्या बाजूला पोर्तुगाल देश. मुलीचं नाव मॅडलिन मॅकॅन. ती २००७ मध्ये हरवली, पण हा खटला तिला कुणी नेलं याबद्दल नव्हताच. तिच्या तपासाची धुरा सांभाळलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं जे पुस्तक लिहिलं, त्याबद्दल होता. आईवडील हरले, आणि तेही न्यायाधीशांच्या एकमतानं.

त्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी हा विषय निघाला. नेटफ्लिक्सवर २०१९ मध्ये आलेली आठ भागांची डॉक्युमेंटरी आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली होती, त्यामुळे प्रत्येकाकडे एकेक थिअरी तयार होती. एक जण बिस्किट बुडवत म्हणाला, "म्हणजे आईबापांनीच केलं. आता तर कोर्टानंच सांगितलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय क्रिकेटकडे वळला.

कोर्टानं तसं काहीही सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यातली चूक त्या एका माणसाची नव्हती. लाखो लोकांनी तो निकाल तसाच वाचला होता.

आधी घटनाक्रम. ३ मे २००७ च्या रात्री, पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्राया दा लूझ या गावातल्या सुट्टीच्या अपार्टमेंटमधून मॅडलिन नाहीशी झाली. चौथा वाढदिवस अवघ्या नऊ दिवसांवर होता. आईवडील, केट आणि जेरी मॅकॅन, दोघेही ब्रिटिश डॉक्टर. त्या वेळी ते मित्रांसोबत जवळच्या रेस्टॉरंटमध्ये जेवत होते आणि अधूनमधून उठून मुलांना बघून येत होते. तपासाचा समन्वय गोन्सालो अमराल या अधिकाऱ्याकडे होता. सप्टेंबर २००७ मध्ये पोर्तुगीज पोलिसांनी आईवडिलांनाच औपचारिक संशयित ठरवलं. ऑक्टोबरमध्ये अमरालनं ब्रिटिश पोलिसांवर वर्तमानपत्रातून टीका केली आणि त्याला तपासावरून हटवण्यात आलं. २१ जुलै २००८ रोजी पुरावा पुरेसा नाही म्हणून फाइल बंद झाली आणि आईवडिलांवरचा संशयिताचा शिक्काही उठला.

त्यानंतर तीन दिवसांनी, २४ जुलैला, नोकरी सोडलेल्या अमरालचं पुस्तक बाजारात आलं. त्याचं म्हणणं असं की मुलगी त्या अपार्टमेंटमध्येच अपघातानं मेली आणि आईवडिलांनी ते लपवून अपहरणाचा बनाव केला. आईवडिलांनी हे कायम नाकारलं आहे आणि आजवर कुठल्याही न्यायालयात ते सिद्ध झालेलं नाही. पुस्तकाच्या लाखावर प्रती गेल्या.

मग तेरा वर्षांची कोर्टबाजी. २००९ मध्ये पुस्तकाच्या विक्रीला मनाई. २०१० मध्ये अपील कोर्टानं मनाई उठवली. एप्रिल २०१५ मध्ये लिस्बनच्या कोर्टानं अमरालला आईवडिलांना पाच लाख युरो भरपाई देण्याचा हुकूम केला. २०१६ मध्ये अपिलात तो रद्द झाला. ३१ जानेवारी २०१७ ला पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयानं अमरालच्या बाजूनं कौल दिला. आणि शेवटी स्ट्रासबर्ग.

प्रत्येक निकालानंतर जगभरात दोन गट एकमेकांवर तुटून पडायचे. २०१५ मध्ये आईवडिलांचा गट म्हणाला, बघा, ते निर्दोष आहेत हे कोर्टानं मान्य केलं. २०१७ मध्ये दुसरा गट म्हणाला, बघा, ते दोषी आहेत हे कोर्टानं मान्य केलं. दोन्ही वेळा कोर्टासमोर प्रश्न वेगळाच होता. हे वाक्य बोलायची या माणसाला मुभा आहे का, एवढंच कोर्ट तपासत होतं. वाक्य खरं आहे का, हे तपासायचं काम या खटल्यात कुणाचंच नव्हतं.

स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं आपली कारणं सरळ दिली आहेत. अमरालचं म्हणणं हे त्याचं मत आहे आणि त्या मताला फाइलमधल्या गोष्टींचा पुरेसा आधार आहे. त्या गोष्टी आधीच सार्वजनिक झालेल्या होत्या. आईवडिलांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला असेल, तर तो त्यांना संशयित ठरवण्यात आलं आणि जगभर गाजावाजा झाला तेव्हाच. पुस्तक नंतर आलं. आणखी एक मुद्दा होता. फाइल बंद होणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे, असं पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं होतं. त्यामुळे आपण दोषी असल्याचं सूचित होतं, अशी आईवडिलांची तक्रार होती. तसं काही सूचित होत नाही, असं सांगून स्ट्रासबर्गनं तो मुद्दा निकालात काढला.

म्हणजे न्यायालयाचं म्हणणं एवढंच: ते निर्दोष ठरलेले नाहीत. ते दोषीही ठरलेले नाहीत. हा रकाना रिकामा आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. डेटाबेसमध्ये या रिकाम्या रकान्याला नल म्हणतात. नव्या पोरांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच्यावर जातो. शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. हजर मुलासमोर 'ह', गैरहजर मुलासमोर 'गै'. आणि एका दिवशी बाई आल्याच नाहीत, हजेरी झालीच नाही, सगळे रकाने कोरे. आता कुणी विचारलं, "त्या दिवशी गैरहजर कोण होतं?" तर नियमानं उत्तर येतं, कुणीच नाही. मग नवा प्रोग्रॅमर खुशीत सांगतो, सगळे हजर होते! कुणी उलट विचारलं, "हजर कोण होतं?" तरी उत्तर तेच, कुणीच नाही. आता दुसरा ओरडतो, सगळे गैरहजर होते! कोऱ्या रकान्याचा अर्थ 'होय' नाही आणि 'नाही'ही नाही. त्याचा अर्थ, इथे अजून काही लिहिलेलं नाही. हे समजायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला फार कठीण. अनुभवी माणसंही घाईत असली की कोऱ्या रकान्यात आपल्याला हवं ते वाचतात.

मॅडलिनच्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं. आणि यात दुष्टपणा कुणाचा, हे सांगणं सोपं नाही. अमराललाही बाजू आहे. ब्रिटिश टॅब्लॉइडनी त्याची यथेच्छ टिंगल केली, तपास हातातून गेला, कारकीर्द तिथेच संपली. आपली गेलेली पत परत मिळवायला पुस्तक लिहिलं, असं तो सांगतो. माझं वैयक्तिक मत असं की पुस्तकावर बंदी न घालण्याचा निकाल योग्य आहे. तपास कसा झाला, वरून कोणता दबाव आला, हे पोलिसांनी लिहायलाच हवं. आपल्याकडे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांना सप्टेंबर २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरणाचा तपास ऐन भरात असताना बढती देऊन दुसरीकडे पाठवण्यात आलं. त्यांनी २०२० मध्ये 'लेट मी से इट नाऊ' या आत्मकथनात आपली बाजू मांडली. ती पटो न पटो, ती छापली गेली हे चांगलंच झालं.

आपल्याकडे असा खटला उभा राहिला असता, तर तो कसा चालला असता? आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. हा गुन्हा घटनेत बसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये सांगितलं. त्यातला पहिला अपवाद वाचण्यासारखा आहे: केलेलं विधान खरं असणं पुरेसं नाही, ते लोकहितासाठी केलेलं असलं पाहिजे. तपास चालू असताना टीव्हीवर आरोपी ठरवून टाकण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ रोजी खडे बोल सुनावले, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनाच्या निमित्तानं. त्या याचिकाकर्त्यांत निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते. एरवी लोकांवर संशय घेणारे पोलीस तिथे उलट बाजूला उभे होते. स्टुडिओत बसून मुंबई पोलिसांनाच गुन्हेगार ठरवणं थांबवा, असं ते म्हणत होते.

इंग्लंडमध्ये मॅडलिनच्याच प्रकरणात हा हिशेब पैशांत झाला. मार्च २००८ मध्ये एक्सप्रेस वृत्तपत्रसमूहानं पहिल्या पानावर माफी मागून मॅकॅन कुटुंबाच्या शोधनिधीला साडेपाच लाख पौंड दिले. जुलै २००८ मध्ये प्राया दा लूझमध्येच राहणाऱ्या रॉबर्ट मुरात या ब्रिटिश माणसाला वृत्तपत्रांनी मिळून सहा लाख पौंड दिले. आईवडिलांच्याही आधी पोलिसांनी संशयित ठरवलेला माणूस तो, आणि त्याचाही शिक्का जुलैमध्येच उठला. पेपरवाल्यांनी त्याच्या रकान्यात आपापल्या मनानं नाव भरून टाकलं होतं.

पुढे २०२० मध्ये जर्मन सरकारी वकिलांनी दुसऱ्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्या एका जर्मन माणसावर संशय जाहीर केला. तो इन्कार करतो. या प्रकरणात त्याच्यावर आरोपपत्र नाही. रकाना कोराच आहे.

आता स्ट्रासबर्गहून मरोळला येतो. त्याच सप्टेंबर महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, पांढरी व्हॅन आहे, साधूच्या वेशात येतात, दहा जणांना पाठवा. शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? बघ रे, खरं आहे का." मी बघितलं. मेसेजमध्ये तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, सोबतचा फोटो कुठला ते कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, काकू, याला काहीच आधार नाही. त्या म्हणाल्या, "पण खोटं आहे असंही नाही ना सांगता येत? मग पाठवायला काय हरकत आहे?"

काकू वाईट नाहीत. त्यांचा नातू तेव्हा दुसरीत होता आणि शाळेची बस मिलिटरी रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज अर्धा तास अडकायची. भीती खरी होती. पण 'खोटं ठरलेलं नाही' पासून 'खरंच असेल' पर्यंतचा प्रवास त्यांनी एका श्वासात केला. माझ्या ऑफिसातल्या इंजिनिअरनंही तो तसाच केला होता, फक्त हातात बिस्किट होतं.

त्याच काळात, १३ सप्टेंबर २०२२ रोजी, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारे समजून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं. ते पंढरपूरकडे निघाले होते आणि एका मुलाला त्यांनी रस्ता विचारला होता. ते वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं याच संशयावरून ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. तिथे त्यांनी पळवलेलं कुठलंही मूल नव्हतं. मूल हरवण्याची नुसती शक्यता पुरेशी ठरली.

मॅकॅन दांपत्याकडे वकील होते, निधी होता, स्ट्रासबर्गपर्यंत जायची ताकद होती. राईनपाड्याच्या पाच जणांच्या बाबतीत बदनामी आणि शिक्षा यांच्यात तासाभराचंही अंतर उरलं नाही. म्हणून हा वाद मला लांबच्या देशातला वाटत नाही. अमरालला बोलायचा हक्क आहे हे मी मान्य करतो. पण बोलायच्या हक्कालाच पुरावा समजणारे ऐकणारे असले, की त्या हक्काची किंमत तिसराच कुणी मोजतो.

मग कोऱ्या रकान्याचं करायचं काय? तो तसाच ठेवून हात झटकायचे का? इथे मला आमच्याच भागातला एक पोलीस आठवतो.

मरोळ नाक्यावरून वर्सोव्याच्या दिशेनं मेट्रोत बसलं की सहावं स्टेशन डी. एन. नगर. तिथल्या पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले हे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्या. त्यातल्या १६५ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढल्या. उरली एक. २०१३ च्या जानेवारीत शाळेत जाताना नाहीशी झालेली, सात वर्षांची. वर्तमानपत्रांनी तिला '१६६ नंबरची मुलगी' म्हटलं. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही त्यांनी तिचा शोध सोडला नाही.

अमराल आणि भोसले यांची तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मलाही कळतं. भोसल्यांची कुणी परदेशी वर्तमानपत्रात टिंगल केली नव्हती. त्यांना कुणी तपासावरून हटवलं नव्हतं. पण दोघांनी नोकरी सोडली तेव्हा दोघांच्याही हातात एकेक न सापडलेली मुलगी होती. अमरालनं रकान्यात उत्तर लिहून टाकलं. भोसल्यांनी तो कोरा ठेवला आणि कोरा आहे हे स्वतःला विसरू दिलं नाही.

आपला कायदाही, कागदावर का होईना, भोसल्यांच्या बाजूचा आहे. १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि उलट दिसेपर्यंत ते पळवलं गेलं आहे किंवा तस्करीत सापडलं आहे असंच धरून चालायचं. चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा. म्हणजे काही माहीत नसताना काय धरून चालायचं, हे न्यायालयानं ठरवून दिलं, आणि ते मुलाच्या बाजूनं. पूर्वी पोलीस म्हणायचे, घरातून रागानं गेली असेल, येईल दोन दिवसांत. तेही कोऱ्या रकान्यात स्वतःच्या सोयीचं उत्तर भरणंच होतं. या आदेशात कुणाला गुन्हेगार धरायचं ते लिहिलेलं नाही. शोध चालू ठेवा, एवढंच आहे.

याच कायद्यात उलट टोकाचाही एक नियम आहे. सात वर्षं ज्याची काही खबर लागली नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं, असं आपला पुरावा कायदा सांगतो. वारसा, विमा, पुनर्विवाह यांसाठी असा नियम लागतोच. त्या हिशेबानं १६६ नंबरच्या मुलीची मुदत २०२० च्या जानेवारीत संपली होती.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली. जिवंत, सोळा वर्षांची. मधली काही वर्षं तिला दुसऱ्या राज्यांत नेलं होतं, पण सापडली तेव्हा ती अंधेरीतच, स्वतःच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती. ज्या जोडप्याकडे ती होती, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. तिच्या घराजवळ इतकी वर्षं राहिलेल्या कुणाच्याही डोक्यातली थिअरी त्या दिवशी उपयोगी पडली नाही. स्ट्रासबर्गचा निकाल यायला तेव्हा सात आठवडे बाकी होते.

ती सापडली कशी, हे बातम्यांत आलं आहे. आपण या लोकांची मुलगी नाही हे कळल्यावर तिनं इंटरनेटवर शोध घेतला आणि तिला स्वतःच्याच हरवल्याचं जुनं पोस्टर मिळालं. असली पोस्टर आपण रोज बघतो, मेट्रोच्या खांबांवर, रिक्षा स्टँडच्या भिंतीवर, अर्धवट फाटलेली. त्यावर फोटो असतो, उंची असते, अंगावरच्या कपड्यांचा रंग असतो. कुणी नेलं असेल, आईबाप कसे होते, यातलं काही नसतं. खाली फोन नंबर असतात. तिच्या पोस्टरवर पाच नंबर होते. तिनं एकेक लावून पाहिला. चार लागले नाहीत. पाचवा तिच्या घराशेजारी राहणाऱ्या एका माणसाचा होता, आणि तो नऊ वर्षांनंतरही चालू होता.